दातांची साखळी



३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. रस्त्यांवर झाडांचा खच पडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी ते रस्ते मोकळे केले, तेव्हा त्यांच्या हातांत कुऱ्हाडीपेक्षा अधिक दिसत होते ते एक कर्कश आवाज करणारे, पुढे लांब जीभ असलेले यंत्र. पावसाळ्यात एखादे झाड रस्त्यावर पडले की अग्निशमन दलाच्या गाडीतूनही तेच बाहेर निघते. त्याचे नाव चेन सॉ, म्हणजे साखळी-करवत.

दोन माणसांनी दोन्ही टोकांना धरून ओढायच्या करवतीला ज्या ओंडक्यासाठी अर्धा तास लागेल, तो ही करवत मिनिटा-दोन मिनिटांत कापते. मात्र ज्या गुणामुळे ती हे करू शकते, त्याच गुणामुळे ती चालवणाऱ्याचा पायही कापू शकते. हे यंत्र प्रशिक्षित मोठ्या माणसांनीच हाताळायचे आहे. तुम्ही ते हाती घ्यायचे नाही. पण त्याच्या पोटात काय चालते ते समजून घ्यायला काहीच हरकत नाही. तुमच्या पुस्तकातले निम्मेअधिक यंत्रशास्त्र तेथे एकत्र भेटते.

या करवतीचा जन्म जंगलात झालेला नाही, तर वैद्यांच्या हातांत झाला आहे! अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडमधील दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी एक बारीक दातेरी साखळी वापरली. तिच्या दोन्ही टोकांना मुठी असत आणि ती हाडाभोवती घालून आळीपाळीने ओढत. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन माणसाने साखळी एका पात्याभोवती गुंडाळली आणि ती फिरवायला हाताने गरगरवायचा दांडा बसवला. लाकूड कापण्यासाठी मात्र शंभर वर्षे वाट पाहावी लागली. जर्मनीत आन्द्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती इतकी जड होती की दोघांना मिळून उचलावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या धातूंची एंजिने होऊ लागली, तेव्हा कुठे ती एका माणसाच्या हातांत आली. आज मध्यम आकाराची करवत चार ते सहा किलोग्रॅम भरते.

तरीही एक अडचण उरलीच होती. त्या काळच्या साखळीचे दात साध्या करवतीच्या दातांसारखे टोकदार होते. ते लाकूड कापण्याऐवजी ओरबाडत, लवकर बोथट होत, आणि त्यांना धार लावण्यात दिवसाचा मोठा भाग जाई. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली एका झाडाच्या बुंध्यात लाकूड पोखरणारी एका भुंगेऱ्याची अळी त्याला दिसली. बोटाएवढी ती अळी लाकडाच्या रेषांबरोबर आणि रेषांना आडवी, दोन्ही दिशांनी सारख्याच सहजतेने पुढे जात होती. कॉक्सने तिचे जबडे निरखून पाहिले. ते इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकडे होते आणि डावा-उजवा असे आळीपाळीने लाकूड कुरतडत होते. त्याने तसाच वाकडा दात पोलादात घडवला, एक डावा, एक उजवा, असे साखळीत बसवले, आणि १९४७ साली ती साखळी विकायला काढली. आज जगभर वापरात असलेल्या साखळ्यांचा दात थोड्याफार फरकाने तोच आहे. लाकूडतोड्यांनी अळ्या हजारदा पाहिल्या असतील. कॉक्सने तिचे तोंड पाहिले, एवढाच काय तो फरक!

आता यंत्र उघडून पाहू. मागच्या पेटीत एक लहानसे टू-स्ट्रोक, म्हणजे दोन धावांचे एंजिन असते. दट्ट्याच्या एका वर जाण्यात आणि एका खाली येण्यात त्याचे चक्र पुरे होते. जुन्या स्कूटरी अशाच एंजिनावर चालत आणि त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मोटारीच्या एंजिनाखाली वंगणाच्या तेलाचे एक कुंड असते. करवत आडवी, तिरपी, कधी उलटीसुद्धा धरावी लागते. तशा स्थितीत कुंडातले तेल भलतीकडेच जाईल. म्हणून येथे तेल पेट्रोलमध्येच विरघळवून देतात. बहुतेक आधुनिक करवतींना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर, असे प्रमाण लागते. नक्की आकडा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत पाहावा. कोणी घाईत नुसतेच पेट्रोल ओतले, तर दट्ट्या कोरडाच घासला जातो, तापून फुगतो आणि सिलिंडरात कायमचा अडकून बसतो. त्याच कारणासाठी स्कूटरच्या कार्बुरेटरमध्ये असते तशी पेट्रोलवर तरंगणारी गोळी येथे नसते. तिच्या जागी एक पातळ लवचिक पडदा असतो आणि तो पेट्रोल आत ओढून घेतो. पडद्याला वर-खाली काही कळत नाही, म्हणून करवत कशीही धरली तरी एंजिन चालू राहते.

एंजिन मंद चालत असताना साखळी स्थिर असते आणि खटका दाबताच पळू लागते. हे कसे होते? एंजिनाच्या दांड्यावर स्प्रिंगांनी आवळून धरलेले दोन-तीन जड तुकडे असतात आणि त्यांच्याभोवती एक पोकळ डबा असतो. मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्या होत असतात, तोवर स्प्रिंगा तुकड्यांना आत धरून ठेवतात. फेऱ्या वाढल्या की गोफणीतल्या दगडाप्रमाणे तुकडे बाहेर फेकले जातात, डब्याच्या आतल्या बाजूला घट्ट टेकतात आणि डबा फिरू लागतो. डब्याला जोडलेले दातेरी चाक साखळी ओढते. हाच केंद्रोत्सारी क्लच. खटका सोडल्यावरही साखळी हळूहळू सरकत राहिली, तर स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा एंजिनाचा मंद वेग जास्त ठेवला आहे असे समजावे. अशी करवत दुरुस्त होईपर्यंत वापरूच नये.

साखळी किती वेगाने पळते? गणित करून पाहू. एका नेहमीच्या साखळीत चाकाच्या दातांत बसणाऱ्या दोन कड्यांमधले अंतर पाऊण इंच, म्हणजे सुमारे १.९ सेंटिमीटर असते. चाकाला ७ दात आहेत, म्हणजे एका फेरीत साखळी १३.३ सेंटिमीटर सरकते. लाकूड कापताना मिनिटाला १०,००० फेऱ्या धरल्या तर १,३३३ मीटर, म्हणजेच सेकंदाला सुमारे २२ मीटर होतात. ताशी ८० किलोमीटर! मोकळ्या रस्त्यावरची भरधाव एस. टी. आणि हे दात यांचा वेग जवळजवळ सारखाच.

हा २२ मीटरचा आकडा लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आधी दाताकडे वळू. प्रत्येक दाताचे दोन भाग असतात. मागे वाकडी धार आणि तिच्या पुढे एक बुटके शिंग. शिंग काही कापत नाही. ते धारेपेक्षा जेमतेम ०.६५ मिलिमीटर खाली असते, आणि धारेने एका वेळी किती लाकूड उचलायचे ते ठरवते. सुताराचा रंधा तुम्ही पाहिला असेल. रंध्याचे पाते तळातून किती बाहेर काढायचे यावर ढलपीची जाडी ठरते. येथे शिंग हा रंध्याचा तळ आणि धार हे पाते. धार पुन्हापुन्हा घासून दात मागे सरकतो, तसा तो उतारामुळे बुटकाही होतो. मग शिंगही त्या बेताने घासावे लागते. पण अधिक घासले तर दात झेपेल त्याहून मोठा घास घेतो आणि करवत धडाधड उड्या मारू लागते.

धार गेली हे ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. खाली काय पडते ते पाहावे. ढलप्या पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर गेली. बोथट करवत चालवणारा माणूस नकळत जोर लावून ती दाबू लागतो. लाकडातून धूर येतो, हात थकतात, आणि थकलेल्या हातांतून चूक होते. धार लावणे हे त्यामुळे बचतीचे काम नव्हे, सुरक्षिततेचे आहे. त्यासाठी गोल कानस वापरतात. ती बहुधा ३० अंशांच्या कोनात, दाताच्या आतल्या बाजूकडून बाहेर अशी एकाच दिशेने ढकलायची आणि परत आणताना उचलून घ्यायची. एका बाजूचे सर्व डावे दात झाले की मग उजवे. प्रत्येक दाताला कानशीचे तितकेच हात द्यायचे. एका बाजूचे दात दुसरीपेक्षा लांब राहिले तर काप सरळ न जाता एकीकडे वळतो. वादळात पडलेल्या झाडांच्या सालीत माती आणि वाळू रुतलेली असते, आणि नारळाच्या खोडाचा बाहेरचा थर तर विलक्षण कठीण. अशा कामात दिवसातून अनेकदा कानस काढावी लागते. हे सारे एंजिन बंद करून आणि हातमोजे घालूनच करायचे. विजेरीवर चालणारी करवत असेल तर आधी विजेरी काढून ठेवावी. ती शांत असते म्हणून झोपलेली आहे असे वाटते, पण खटका दाबताच निमिषात जागी होते.

साखळी ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिला ‘बार’ म्हणतात. बारच्या कडेने एक खाच असते आणि साखळी त्या खाचेतून घसरत जाते. तेथे वंगण पोचले नाही तर दोन-चार मिनिटांत बार निळा पडेल इतका तापतो. म्हणून तेलाची निराळी टाकी असते आणि पेट्रोल भरताना दर वेळी तीही भरायची. तेल येते आहे की नाही हे पाहायची युक्ती सोपी आहे. करवत चालू करून बारचे टोक एखाद्या फिकट रंगाच्या ओंडक्यासमोर, पण त्याला न टेकवता धरायचे. लगेच ओंडक्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

साखळीचा ताण हाही असाच नाजूक प्रश्न आहे. थंड साखळी बारच्या खालच्या कडेला नीट टेकलेली असावी, तरी हातमोजा घातलेल्या हाताने ओढली तर सहज फिरावी. काम करताना पोलाद तापते, लांबते, आणि साखळी सैल होऊन लोंबू लागते. मग ती ताणून घेतात. पण काम संपल्यावर ती पुन्हा सैल करायला विसरले तर? रात्री थंड होताना साखळी आखडते आणि एंजिनाच्या दांड्याला व बेअरिंगला जबर ओढ बसते. पदार्थ उष्णतेने प्रसरण पावतात, हे वाक्य तुम्ही परीक्षेत लिहिता. येथे ते विसरणाऱ्याला दुरुस्तीचे बिल येते.

हवेची गाळणी रोज झटकणे, बार अधूनमधून उलटा करून बसवणे म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील, पेट्रोल भरताना एंजिन निवू देणे आणि भरल्या जागेपासून तीन मीटर तरी दूर जाऊन मगच चालू करणे, ही बाकीची कामे. ती कंटाळवाणी आहेत आणि म्हणूनच टाळली जातात.

आता सर्वांत घातक गोष्टीकडे येऊ. बारच्या वरच्या कडेवरून साखळी माणसापासून पुढे पळते, टोकाला वळसा घेते आणि खालच्या कडेने माणसाकडे परत येते. खालच्या कडेने कापताना दात लाकडाला माणसाकडे ओढतात, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे करवत लाकडाकडे ओढली जाते. वरच्या कडेने कापताना ती उलट माणसाकडे ढकलली जाते. हे दोन्ही सांभाळता येते. पण बारच्या टोकाचा वरचा पाव भाग एखाद्या फांदीला टेकला तर काय होईल? तेथे दात पुढे आणि खाली धावत असतात. ते लाकडात अडकले की प्रतिक्रिया मागे आणि वर होते. संपूर्ण बार झटक्यात उसळून चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा खांद्याकडे येतो. या उसळीला साधारण एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात साखळी दोन मीटरहून अधिक पळालेली असते.

एक दशांश सेकंद म्हणजे किती, हे घरी पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा आणि बोट उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. बहुतेकांच्या हाती ती २० सेंटिमीटरच्या आसपास लागते. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राने पाहिले तर हा वेळ सुमारे ०.२ सेकंद येतो. एक दशांश सेकंदात पकडायची असेल तर पट्टी ५ सेंटिमीटरच्या आत सापडली पाहिजे. करून पाहा! आणि येथे तुम्ही पट्टीकडे टक लावून बसलेले असता; उसळी तर बेसावध असताना येते. म्हणजे ‘मी सावरीन’ असे म्हणणारा कुशल कारागीरही सावरू शकत नाही, कारण डोळ्यांपासून हातापर्यंत निरोप पोचायच्या आत सारे घडून गेलेले असते.

म्हणून बचाव आधीच करून ठेवावा लागतो. पुढच्या मुठीसमोर एक ढाल दिसते. ती नुसती ढाल नाही, ब्रेकचा दांडाही आहे. उसळीत मनगट तिच्यावर आपटले, किंवा झटका पुरेसा जोराचा असला तर तिच्या स्वतःच्या जडत्वानेच ती पुढे कलते. बस एकदम सुटली की तुम्ही मागे पडता, तोच हा न्याय. ढाल कलताच एक ताणलेली स्प्रिंग सुटते आणि पोलादी पट्टा क्लचच्या डब्याला करकचून आवळतो. साखळी सेकंदाच्या लहानशा भागात थांबते. काम सुरू करण्यापूर्वी हा ब्रेक रोज तपासायचा असतो. बाकीचे माणसाच्या हाती असते. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून वळवलेला. डावखुऱ्यानेही हेच करायचे. अंग बारच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित डावीकडे. करवत खांद्याच्या वर उचलायची नाही, शिडीवर चढून चालवायची नाही. सुरू करताना ती जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजव्या बुटाचे टोक अडकवून मग दोरी ओढायची. हवेत लटकवून झटका देणारे पुष्कळ दिसतात. ते शौर्य नव्हे.

पोशाखाचे एक नवल सांगण्याजोगे आहे. या कामासाठी मिळणाऱ्या विशेष पँटीत चिलखत नसते, तर लांबच लांब चिवट धाग्यांचे सैल थर असतात. दात कापडाला लागताच ते धागे ओढून बाहेर काढतात. धागे दातेरी चाकात गुंततात आणि साखळी जागीच जॅम होते. करवतीला तिच्याच वेगाने हरवण्याची ही कल्पना मोठी झकास आहे. तिच्या जोडीला शिरस्त्राण, डोळ्यांसमोर जाळी, जाड बूट आणि कानांवर झाकणे हवीत. करवतीचा आवाज १०० डेसिबेलहून अधिक असतो आणि त्याने बहिरेपण येते. वर्षानुवर्षे थरथर सोसून बोटांतला रक्तप्रवाह मंदावतो, थंडीत बोटे पांढरी पडतात. म्हणून आता मुठी आणि एंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंगा घालतात. आपल्याकडे मात्र चपला घालून आणि डोक्याला नुसता रुमाल बांधून करवत चालवणारे अजूनही दिसतात. त्यांना काम देणाऱ्यांनी पँट आणि बूटही द्यायला हवेत, असे मला वाटते.

उभे झाड पाडताना ते ज्या बाजूला पडावे असे वाटते, त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची खाच घेतात आणि मग विरुद्ध बाजूने, किंचित वरच्या पातळीवर, कापत येतात. दोन्ही काप एकमेकांना मिळू देत नाहीत. मध्ये बुंध्याच्या व्यासाच्या एक दशांश इतकी लाकडाची पट्टी राखतात, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या बुंध्याला ५ सेंटिमीटर. ही पट्टी दाराच्या बिजागरीचे काम करते आणि झाडाला ठरल्या दिशेने वाकवते. ती कापली गेली की झाड कोठेही जाऊ शकते. झाड कलू लागताच कापणारा आधीच साफ करून ठेवलेल्या वाटेने तिरपा मागे निघतो. बाकीच्यांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावे. १५ मीटरचे झाड असेल तर ३० मीटर. बघ्यांची गर्दी सहसा याच्या निम्म्या अंतरावर उभी असते. (शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.)

वादळात पडलेले झाड त्याहून फसवे. एक ओली काठी दोन्ही हातांनी वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. दोन दगडांवर टेकून मधे वाकलेल्या खोडाचे हेच होते. वरची बाजू दाबलेली, खालची ताणलेली. वरूनच कापत गेले तर काप मिटतो आणि बार चिमट्यात सापडतो. आधी खालून कापले तर ताणलेले लाकूड फाडकन फुटते. म्हणून दाबलेल्या बाजूला थोडासा काप घेऊन मग ताणलेल्या बाजूने सावकाश कापतात.

आणि मुळांसकट उपटलेले झाड? त्याच्या बुंध्याशी मातीचा मोठा गड्डा उभा राहतो आणि शेजारी खड्डा पडतो. त्या खड्ड्यात उतरून मुले खेळताना दिसतात. आडव्या खोडाच्या वजनाने तो गड्डा उचलून धरलेला असतो. खोड कापून वेगळे झाले की ते वजन नाहीसे होते आणि कित्येक क्विंटलांचा गड्डा धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. म्हणून जाणते लोक शेवटचा काप घेण्यापूर्वी गड्डा जाड दोरखंडाने किंवा तारेने बांधून घेतात, आणि खड्ड्यात कोणी नाही ना हे पाहायला एका माणसाला मुद्दाम तिकडे पाठवतात.